लागला आणि लावला

समुपदेशक राजेश्वरी मॅडमच्या वलवणच्या खोलीत बाजीराव पाचव्यांदा तोच प्रसंग लिहीत होता. आधीचे चार कागद प्रतीक्षाच्या मांडीवरच्या फाइलीत होते. तिनं ते इतक्या वेळा वाचले होते, की कुठल्या ओळीला त्याचं पेन अडखळणार हे तिला न बघताही कळलं असतं. सुरुवात तो झरझर लिहायचा. एकोणीस ऑगस्ट, दुपारचे साडेतीन, कोल्ड रूममध्ये तीन अंश, डाव्या रॅकवर साठ सेंटिमीटरच्या गुलाबांच्या अकरा बादल्या. फुलांच्या कंपनीत सोळा वर्षं काढलेला सुपरवायझर. बादल्यांचा आकडा त्याचा झोपेतही चुकला नसता. मग ते वाक्य यायचं.

पेन थांबलं. पुन्हा चाललं. त्यानं कागद पुढं सरकवला.

"तुम्हीच वाचा," राजेश्वरी मॅडम म्हणाल्या.

बाजीरावानं घसा खाकरला. "बादली उचलताना माझा हात हिराबाईंच्या कमरेला लागला. त्याचा मला खेद वाटतो."

"या वाक्यात कर्ता कोण?"

"आं?"

"शाळेत शिकवतात ना, कर्ता, कर्म, क्रियापद. इथं काम कोणी केलं?"

"हातानं," बाजीराव म्हणाला आणि एकटाच हसला.

राजेश्वरी मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या बाई. समोरचा माणूस बोलून दमेपर्यंत त्या थांबू शकत. "'मी'पासून सुरू करून लिहा," त्या म्हणाल्या. "मी काय केलं, एवढंच. सहा सत्रांत तुमच्याकडून एवढंच एक वाक्य हवंय मला. ते आलं, की पुढचं बोलता येईल."

ही सहा सत्रं समितीनं ठरवून दिलेली होती. हिरा ग्रेडिंग हॉलमध्ये गुलाब लांबीप्रमाणे लावायचं काम करायची. तिनं तक्रार दिली, कंपनीच्या अंतर्गत समितीनं चौकशी केली आणि तक्रारीत तथ्य आहे असं ठरवलं. बाजीरावाला हॉलमधून काढून खताच्या टाक्यांवर टाकलं. समुपदेशन पूर्ण झालं आणि समुपदेशकांनी तसं लिहून दिलं, तरच तो परत हॉलवर सुपरवायझर म्हणून येणार. पहिली चार सत्रं दोघांचीच झाली. शेवटच्या दोन सत्रांना समितीचा एक सदस्य हजर राहावा, असं पत्रात होतं आणि समितीत सगळ्यांत लहान असल्यानं ते प्रतीक्षाच्या गळ्यात पडलं. ती कंपनीच्या प्रयोगशाळेत पाण्याचे आणि खताचे नमुने तपासायची. वनस्पतिशास्त्रात एम. एस्सी. झाल्यावरची पहिली नोकरी, अजून कायम न झालेली.

बाजीरावानं पेन खाली ठेवलं आणि खिशातून चार घड्यांचा कागद काढला.

"मॅडम, मी तुमचा मान ठेवतो. चार वेळा लिहिलं, चाळीस वेळा लिहीन. पण जिची तक्रार आहे ती काय म्हणते, ते तरी ऐका." तो शाळेत धडा वाचावा तसं वाचू लागला. "'कोल्ड रूममध्ये साहेबांचा हात कमरेला लागला. ती बाजूला सरकली असता पुन्हा लागला.' खाली हिराबाईची सही. मला समितीनंच दिलेली झेरॉक्स आहे ही. लावला म्हटलंय का तिनं? मग फिर्यादीपेक्षा जास्तीचा गुन्हा मी कबूल करू?"

कागद प्रतीक्षापासून दोन हातांवर होता, तरी अक्षर ओळखू येत होतं. 'र'ची शेपटी लांब ओढायची सवय तिचीच.

राजेश्वरी मॅडमनी झेरॉक्स हातात घेतली, पुन्हा पुन्हा वाचली. "हा जबाब कोणी नोंदवला?"

"मी," प्रतीक्षा म्हणाली.

"बाई असंच म्हणाल्या होत्या?"

बाजीराव तिच्याकडं बघत होता, मजेत. तिला आठवत होतं ते 'लावला' होतं. पण पाच महिन्यांपूर्वी ऐकलेला एक शब्द, तोही एकदाच ऐकलेला, आणि आठवणारी व्यक्ती तीच जिची चूक निघायची.

"कच्ची वही बघून सांगते," ती म्हणाली. ते खरं होतं, आणि ती पळवाटही होती.

बाजीराव गाडी काढायला खाली गेला, तेव्हा राजेश्वरी मॅडम दारापर्यंत आल्या. "हे बघ, मी न्यायाधीश नाही. तो जे लिहितो ते मी समितीच्या नोंदीशी ताडून बघते. नोंदीतच 'लागला' असेल, तर मी 'लावला'चा आग्रह कुठवर धरणार? शनिवारी शेवटचं सत्र. तोवर नोंद हीच राहिली, तर मला 'पूर्ण' असं लिहून द्यावं लागेल."

"आणि सोमवारी ते हॉलवर."

"ते तुमच्या कंपनीचं," त्या म्हणाल्या. "पण हो."

कंपनीला तर घाईच होती. फेब्रुवारीच्या ऑर्डरी महिनाभरावर आलेल्या, आणि कळी किती उमलल्यावर कापायची हे बाजीरावासारखं नजरेनं सांगणारं हॉलमध्ये दुसरं कोणी नव्हतं.

कच्ची वही प्रयोगशाळेच्या खालच्या खणात, पीएच मीटरच्या खोक्यामागं होती. प्रतीक्षानं आधी सकाळचे नमुने तपासले. खताचं पाणी पाच पूर्णांक आठ, बादल्यांचं पाणी ठीक. आकडे नोंदवले. मग दार लोटून वही उघडली.

हिरा बोलत असताना तिनं भरभर टिपून घेतलं होतं, कॉलेजात लेक्चरं टिपायची तसं.

'को. रू. ३.३०. मागून. "फुलं बघतोय" म्ह. हात ला. कमर. सरक. पु. ला. बादली.'

हात ला.

ती त्या 'ला'कडं बघत राहिली. पुढं एक ठिपका. त्या ठिपक्यात 'गला'ही मावत होतं आणि 'वला'ही. शब्द तोडायची ही तिची सवय वर्गात सगळ्यांत हुशार समजली जायची. परीक्षेच्या आधी मुली तिच्याच वह्या मागायच्या.

मग हा 'ग' आला कुठून? तिला ते फार शोधावं लागलं नाही. एम. एस्सी.च्या प्रबंधात तिनं जिथं जिथं 'मी' लिहिलं होतं, तिथं तिथं सरांनी लाल रेघ मारली होती. प्रयोगात माणूस दिसता कामा नये, ते म्हणायचे. पानं वाळवली गेली. द्रावण तापवलं गेलं. निरीक्षणं घेण्यात आली. कोणी वाळवली, कोणी तापवलं, याच्याशी शास्त्राला देणंघेणं नाही. तिनं ते इतकं अंगवळणी पाडलं होतं, की हिराचा जबाब पक्का करतानाही तिच्या हातानं करणारा माणूस अलगद काढून टाकला. 'मी सरकले'चं 'ती सरकली असता' झालं. 'लावला'चं 'लागला' झालं.

झालं. तिनं जीभ चावली.

दुपारी ती मोजपट्टी घेऊन कोल्ड रूममध्ये गेली. दोन रॅकांमधली वाट ब्याऐंशी सेंटिमीटर. बादली धरलेलं माणूस मध्ये उभं असेल, तर मागून जाणाऱ्याचा हात चुकून लागू शकतो. एकदा. तिनं दोनदा मोजलं. मोजून काही सिद्ध होत नव्हतं, पण हात रिकामे ठेवण्यापेक्षा ते बरं वाटत होतं. थंडीनं बोटं बधिर झाली तेव्हा ती बाहेर आली. हॉलमध्ये लांब टेबलापाशी हिरा उभी होती. एकेक दांडा पट्टीवर ठेवायचा, लांबी बघायची, खालची पानं ओरबाडायची, वीस झाले की पुठ्ठ्यात गुंडाळायचे. तिनं मान वर केली, प्रतीक्षाच्या हातातली मोजपट्टी बघितली आणि परत खाली बघितलं.

मानसी मॅडम समितीच्या अध्यक्ष होत्या आणि ऑफिसचा कारभारही त्याच बघायच्या. प्रतीक्षानं सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी आधी उठून दार लावलं.

"आपण चौघींनी कानांनी ऐकलंय ना? मग? निकाल ऐकून दिला आपण, तुझ्या कागदावर नाही."

"पण आता कागदच वाचला जातोय मॅडम."

"वाचू दे. पाच महिन्यांनी तू नोंदीत शब्द बदललास, तर त्याचा वकील काय म्हणेल? म्हणेल, यांनी पुरावा बनवला. सगळी चौकशी खोटी पडेल. हिराचंच नुकसान होईल, कळतंय का तुला?"

ते प्रतीक्षाला कळत होतं. तेच तर तिला छळत होतं. गप्प राहिलं, तर बाजीराव हिराच्या डोक्यावर परत येणार. बोललं, तर हिराची अख्खी तक्रारच उलटू शकणार. दोन्हीकडं हिराच.

"आणि तुझं मार्चमध्ये कायमचं पत्र निघायचंय," मानसी मॅडम आवाज उतरवून म्हणाल्या. "मी धमकी देत नाहीये गं. मलाही वरून विचारतात. एका अक्षरासाठी कुठं अडून बसतेस?"

"एका अक्षरासाठीच तो अडून बसलाय," प्रतीक्षा म्हणाली, आणि आपला आवाज चढलाय हे तिला उशिरा कळलं.

मानसी मॅडमनी डोळे मिटून घेतले. "हिराला विचारलंस?"

नव्हतं विचारलं. सगळ्यांत आधी विचारायला हवं होतं, आणि तेवढंच राहिलं होतं.

गुरुवारी कंपनीला सुट्टी. प्रतीक्षानं मळवली स्टेशनच्या अलीकडं स्कूटी लावली आणि भाताच्या कापलेल्या खाचरांच्या कडेनं चालत गेली. गाडी दारात दिसली की चार जण विचारणार, कंपनीची बाई कशाला आली. हिराची सासू रतनबाई एका बंगल्याची देखरेख करायची. मालक मुंबईचे, वर्षातून चारदा येणारे. रतनबाई फाटकाशी पातेलं घासत होती.

"हिराच्या हापिसातली का? कुठली गं तू पोरी?"

"इंदुरीची, मावशी."

"इंदुरीत कुनाची?" तिनं सांगितलं. रतनबाईनं मनातल्या मनात अर्धं इंदुरी धुंडाळलं. "बरं बरं. हिरा मागं हाय, टाकी झाडतीया. तिला म्हनावं, च्याला पानी ठिवते."

टाकी म्हणजे पोहायचा तलाव, पाणी काढून टाकलेला. निळ्या फरशीवर, तळाशी उभी राहून हिरा पालापाचोळा गोळा करत होती. प्रतीक्षा शिडीवरून खाली उतरली. तिथून वर आभाळ आणि बंगल्याची भिंत तेवढी दिसत होती. बोलायला जागा चांगली होती.

"काय वो म्याडम, परवा मोजत काय व्हता?"

"सांगते. आधी तुम्ही मला सांगा. त्या दिवशी कोल्ड रूममध्ये काय झालं, ते समितीला सांगितलंत तसंच सांगा. मी मध्ये बोलणार नाही."

हिराचा झाडू थांबला. "का? फिरलं का काय?"

"मी बोलले, तर तुमच्या तोंडात माझे शब्द यायचे. म्हणून म्हणते."

हिरानं पदर खोचला. वर फाटकाच्या दिशेनं एकदा बघितलं. "त्यात आठवायचं काय? इसरलंय कोन? मागनं आला. म्हनला, फुलं बघतोय. आन कमरेला हात लावला. मी फुडं सरकले, रॅकला टेकले. तर परत लावला. मी म्हनलं, साहेब, बादली पडंल."

लावला. दोनदा. प्रतीक्षाला एकदम हलकं वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी लाज वाटली. कारण ते हलकेपण हिरासाठी नव्हतं, स्वतःच्या आठवणीसाठी होतं. तिनं पिशवीतून मूळ जबाब काढला आणि ती ओळ दाखवली. "इथं मी 'लागला' लिहिलंय."

"म्हाईत हाय."

"माहीत आहे?"

"वाचलंतं की सही करताना." हिरा हसली, पण डोळे हसले नाहीत. "तुमाला वाटलं, हिला वाचता येत न्हाई."

प्रतीक्षाला तसंच वाटलं होतं.

"सातवी झालीया माझी. सावकाश वाचते, पर वाचते. म्हनलं, कागदात असंच लिवत असतील. ती बघा," तिनं झाडूच्या दांड्यानं बंगल्याच्या भिंतीवरची पाटी दाखवली, तळातूनही अक्षरं दिसत होती. "'काच फुटल्यास भरपाई घेतली जाईल.' काच कोन फोडतं, भरपाई कोन घेतं, हाय का त्यात कुनाचं नाव? शिकल्याली मानसं अशीच लिवत्यात."

"मग बोलला का नाहीत तेव्हा?"

"तुमी चांगल्या वागल्या. पानी दिलंत, खुर्ची दिलीत. म्हनलं, पोरगीला कशाला खोडायला लावायचं." ती खाली बसली, फरशीवर. "आन खरं सांगू का? बरंच वाटलंतं मला. लागला म्हनलं की कसं, माझी बी आब राहती. लावला म्हंजी... उद्या कागद हितं गावात आला, तर लोक इचारत्यात, तुजाच का? दुसरीचा का न्हाई?"

वरून रतनबाईचा आवाज आला, "च्या झाला गं!"

"आलो, आत्या!" हिरा ओरडली. मग हळू आवाजात, "तो परत येनार का हालमदी?"

प्रतीक्षा या प्रश्नाला भीत होती. उत्तर दिलं तर हिराला एका बाजूला ढकलल्यासारखं होणार, आणि न दिलं तर फसवल्यासारखं. "शब्द असाच राहिला, तर सोमवारी येईल. बदलला, तर कदाचित येणार नाही. पण त्याचा वकील म्हणू शकतो, की आपण दोघींनी मिळून खोटं केलं. सगळंच पुन्हा उकरलं जाईल. तुम्हाला पुन्हा सगळं सांगावं लागेल. मी तुम्हाला 'बदला' म्हणत नाही."

हिरानं पाल्याचा ढीग झाडूनं उगाच इकडचा तिकडं केला. वर चहा निवत होता.

"पाच म्हैने झालं," ती म्हणाली, "मी कोल्ड रूममदी दाराला पाठ करून हुबी न्हाई ऱ्हायले. बादली ठिवायची तर भिंतीला पाठ लावून ठिवते. हालमदली अंबूबाई हसती मला, म्हनती खेकड्यावानी चालती." तिनं हात पुढं केला. "पेन हाय?"

प्रतीक्षानं तिला प्रयोगशाळेतली रीत सांगितली. नोंदवहीत चूक सापडली, की गिरवायचं नाही, खोडरबर नाही, पान फाडायचं नाही. एकच आडवी रेघ मारायची, खालचा चुकीचा शब्द वाचता येईल अशी. वर बरोबर शब्द, शेजारी आजची तारीख आणि सही. लपवायचं काही नाही, म्हणून.

तिनं 'साहेबांचा' आणि 'लागला' या शब्दांवर रेघ मारली. वर 'साहेबांनी' आणि 'लावला' लिहिलं. दुसऱ्या ओळीतही. तारीख घातली, सही केली आणि कागद हिराला दिला. हिरा एकेक शब्द बोटाखाली धरून, ओठ हलवत वाचत गेली. बोट एका जागी थांबलं.

"ही 'ती' कोन?"

"कुठं?"

"'ती बाजूला सरकली असता'. ती कोन?"

"तुम्हीच."

"मंग मी म्हना की! मी हितं बसलीया, आन ती कोन सरकली?"

तिथंही एक रेघ पडली, आणि शेजारी हिराची सही.

शुक्रवारी प्रतीक्षानं मानसी मॅडमना कागद दाखवला. त्यांनी तो वाचला, परत दिला आणि फक्त एवढंच म्हणाल्या, "सोबत खुलासा जोड. तुझ्या सहीचा. माझी सही मागू नकोस." त्या रागात होत्या की घाबरलेल्या, हे प्रतीक्षाला ठरवता आलं नाही. खुलासा लिहायला तिला तीन वेळा बसावं लागलं. शेवटी लिहिला, घडी घातली आणि घरी जेवताना आईनं दोनदा मीठ मागितलेलं तिला ऐकू आलं नाही.

शनिवारी बाजीराव इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. समुपदेशन संपतंय म्हणून असेल. "आज निरोप समारंभ," तो खुर्चीत बसत म्हणाला. "काय प्रतीक्षा मॅडम, सापडली का वही?"

प्रतीक्षानं दुरुस्त केलेला जबाब टेबलावर ठेवला, खुलासा उघडला आणि उभी राहून वाचू लागली. "'हिराबाईंच्या जबाबात दोन ठिकाणी लावला या शब्दाऐवजी लागला असा शब्द नोंदवला गेला आहे. नोंदणी करताना अनवधानानं ही चूक झाली...'"

बाजीराव मोठ्यांदा हसला. टेबलावर थाप मारून हसला.

"झाली? चूक झाली? कोणी केली मॅडम?" तो राजेश्वरी मॅडमकडं वळला. "विचारा ना यांना आता. कर्ता कोण? मला पाच वेळा विचारलंत!"

कागदावरची ओळ प्रतीक्षाच्या डोळ्यांसमोर होती, तिच्याच अक्षरात, लांब शेपटीच्या 'र'सकट. तीन वेळा लिहून काढली, तिन्ही वेळा हेच. राजेश्वरी मॅडम तिला सोडवायला आल्या नाहीत. त्या वाट बघत होत्या, जशा बाजीरावाची बघायच्या.

"मी केली," प्रतीक्षा म्हणाली. "हिराताई 'लावला' म्हणाल्या. मी ऐकलं. मी चुकीचं लिहिलं. त्यांना वाचता येत नसेल असं मी धरून चालले, आणि तरीही वाचून दाखवलं नाही."

तिनं पेन काढलं, उभ्या उभ्याच खुलाशातल्या ओळीवर रेघ मारली, वर लिहिलं, तारीख घातली, सही केली. मग ती बसली.

राजेश्वरी मॅडमनी एक कोरा कागद बाजीरावापुढं सरकवला. जाळं त्यानंच टाकलं होतं.

बाजीरावाचं हसू हळूहळू उतरलं. "यांचं बरंय," तो म्हणाला. "यांनी 'मी केली' म्हटलं की दुरुस्ती. मी तसं म्हटलं, तर माझी पोरगी बारावीला आहे, तिच्यासमोर कसा उभा राहू मी?"

"हा कागद तुमच्या घरी जाणार नाही."

"गाव काय लांब आहे का घरापासून?"

"नाही," राजेश्वरी मॅडम म्हणाल्या. "हिराबाईंच्याही घरापासून नाही."

खिडकीखालून एक गाडी गेली. बाजीरावानं पेन उचललं, टोपण काढलं, लावलं, काढलं. मग कागदावर वाकला. प्रतीक्षाला वाटलं, नेहमीसारखी तारीख, तापमान, अकरा बादल्या येणार. पण त्यानं एकच ओळ लिहिली आणि कागद उलटा करून ढकलला.

राजेश्वरी मॅडमनी तो सरळ केला. 'मी हात लावला.' अक्षर इतकं बारीक, की वाळलेली मुंगी वाटावी.

"पुढची?"

"पुढची कुठली?"

"जबाबात दोन ओळी आहेत. त्या सरकल्या. मग?"

बाजीरावानं मान झटकली. "एकदा म्हटलं ना. झालं ना तुमच्या मनासारखं? दुसऱ्यांदाचा... तो लागला."

"पहिला लावला," राजेश्वरी मॅडम सावकाश म्हणाल्या, "आणि दुसरा लागला?"

बाजीरावानं तोंड उघडलं. आपलंच वाक्य त्याच्या कानावर आता पडलं असावं. त्याची नजर टेबलावरच्या जबाबाकडं गेली. तिथं रेघेखालचा 'लागला' अजून स्पष्ट वाचता येत होता आणि त्याच्या डोक्यावर 'लावला'. त्यानं पेनाला टोपण लावलं आणि ते खिशात ठेवलं. पेन राजेश्वरी मॅडमचं होतं.

"झालं माझं," तो म्हणाला.

"नाही झालं," त्या म्हणाल्या. "आज कुठं अर्धं झालं." आणि त्यांनी त्याच्यासमोरच अहवालात लिहिलं, मोठ्यानं म्हणत लिहिलं: समुपदेशन अपूर्ण, पुढं चालू ठेवावं, तोवर ग्रेडिंग हॉलमध्ये नेमणूक करू नये, असं मी सुचवते.

"मी वकिलाकडं जाणार," बाजीराव दारातून म्हणाला.

"जा. पुढच्या शनिवारी अकराला या."

सोमवारी सकाळी साडेआठला मानसी मॅडमनी प्रतीक्षाला एक बंद पाकीट दिलं. 'जबाब नोंदवताना आपणाकडून गंभीर निष्काळजीपणा झाल्याचे निदर्शनास आले आहे. तीन दिवसांत खुलासा सादर करावा.' कायमच्या पत्राचं काय, ते त्यात नव्हतं. मानसी मॅडम खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "मलाही लिहावं लागलं गं. मीच लिहिलंय." थोड्या वेळानं म्हणाल्या, "तो अहवाल मात्र समितीनं मान्य केलाय. मी सही केली."

पाकीट ॲप्रनच्या खिशात घालून प्रतीक्षा हॉलमध्ये गेली. बादल्यांच्या पाण्याचे नमुने घ्यायचे होतेच. सुपरवायझरच्या टेबलापाशी कोणी नव्हतं. कळ्या किती उमललेल्या चालतील, यावरून दोन बायकांची जुंपली होती आणि अंबूबाई दोघींनाही खोटं पाडत होती. काम रोजच्यापेक्षा हळू चाललं होतं, हे कोणालाही दिसलं असतं.

हिरा दांडे लावत होती. तिनं वर बघितलं नाही. "आला न्हाई तो."

"नाही. खताच्या टाक्यांवरच आहे."

"कवापर्यंत?"

"ते मलाही माहीत नाही. वकिलाकडं जातो म्हणालाय. पुन्हा बोलावतील आपल्याला, कदाचित." प्रतीक्षानं नमुन्याच्या बाटलीवर तारीख लिहिली. "तुमचं बोलणं पुन्हा मीच लिहायची वेळ आली, तर..."

"लिवा की," हिरा म्हणाली. तिनं विसावा दांडा ठेवला, पुठ्ठा गुंडाळला, बादली उचलली आणि कोल्ड रूमच्या दाराशी घुटमळली. मग खांद्यावरून मागं बघत म्हणाली, "पर सहीच्या आदी मला वाचून दावायचं. मोठ्यानं. आन ही 'ती' बिती न्हाई चालायची."

ती आत गेली. प्रतीक्षा दाराच्या काचेतून बघत राहिली. हिरानं बादली रॅकवर ठेवली, भिंतीला पाठ लावूनच.